पाणी पाहिलं की रुसणारं चाक

माळतोगरी गावानं आपल्या जावयांवर आजवर नाना आळ घेतले होते. एकानं बायकोचं डोरलं मोडून घोडी घेतली. एकानं आहेराचा पितळी हंडा घरी पोचायच्या आधीच बाजारात फुंकला. एक तर धोंड्याच्या जेवणाला म्हणून आला अन् पावसाळा संपेस्तोवर हललाच नाही. पण सासरवाडीचं प्यायचं पाणी वाटेत विकून खाल्लं, असा आळ गावात पहिल्यांदाच आला, अन् तो मान लक्ष्मणरावाला मिळाला.

लक्ष्मणराव पेशानं ड्रायव्हर. उदगीरच्या गुरुपादप्पा शेठचा जुना ट्रक चालवायचा. ट्रकच्या वयाबाबत शेठ आणि सरकार यांचं एकमत नव्हतं, पण लक्ष्मणराव त्याला पोटच्या पोरागत सांभाळायचा. बरी साल असली की त्यात तूर जायची, करडई जायची. यंदा आभाळ कोरडंच राहिलं. पोती नाहीत तर ट्रकनं काय करावं? शेठनं पोत्यांच्या जागी लोखंडी टाकी ठेवली आणि ट्रकला पाण्याच्या कामावर जुंपलं.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, शिक्के नवे. दुष्काळ तेवढा जुनाच, वाटणीत आलेला. टाकीही वाटणीतलीच. तिच्यावर पेंटरनं ‘जिल्हा लातूर’ असं झोकात लिहिलं होतं, पण ऊन चढलं की खालचं ‘उस्मानाबाद’ रंगातून डोकं वर काढायचं. शिवाय टाकीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याला वेल्डिंगचा डाग नीट बसला नव्हता. काठोकाठ भरली की तिथनं टपटप सुरू. गावातल्या बाया त्या कोपऱ्याखाली तांब्या धरायला भांडायच्या.

आणि ट्रकला नेमून दिलेलं गाव निघालं माळतोगरी. लक्ष्मणरावाची सासरवाडी! पहिले काही दिवस काय थाट विचारू नका. ट्रक वेशीत शिरला की पोरंसोरं पुढं पळत, सरपंच अमृतराव हात जोडत, अन् सासू धुरपताबाई डोक्यावरचा पदर सावरत शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, “आमचे जावई आले, म्हणून तुमच्या चुली पेटल्या गं.”

श्रावण सरला अन् हे दुखणं सुरू झालं.

उदगीरच्या शिवेवरच्या विहिरीवर टाकी भरायची, ट्रक डौलात निघायचा. थोडं अंतर गेलं की मागून कुणीतरी शेपूट धरून ओढावं तसा जड व्हायचा. इंजिन कण्हायचं. लक्ष्मणराव गिअर खाली घेत घेत शेवटी पहिल्यावर यायचा, अन् तरी ट्रक चालतोय का विचार करतोय ते कळायचं नाही. उतरून बघावं तर मागचं डावं चाक धगधगत असायचं. ड्रमवर पाण्याचा शिपका मारला तर चर्र! धूर, अन् जळक्या लायनरचा नाकात जाणारा वास. ब्रेक चाक धरून बसलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग लिंबाखाली थांबायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा थांबायचं. गावात पोचेस्तोवर दिवस कललेला.

अन् मजा अशी, की पाणी उतरवून परत निघालं की तोच ट्रक वाऱ्यागत सुटायचा. कुठला धूर अन् कुठला वास!

गावानं हे दोन्ही पाहिलं, अन् गावाला दोन अधिक दोन करता येतं.

“सकाळी निघालेला ट्रक आत्ता येतो व्हय?” अमृतराव पारावरून म्हणाला. “येवढ्या वेळात माणूस लोह्याचा बैलबाजार करून, नांदेडला पिच्चर बघून परत येईल. वाटंत धाब्यावर पाणी इकतो ह्यो.”

“सरपंच, चाक धरतंय हो,” लक्ष्मणराव म्हणाला.

“येतानाच धरतंय? जाताना सोडतंय? लई हुशार चाक हाय की. पाणी बघून धरतंय!” पार हसला. “अन् अंगाला ह्यो जळका वास कसला? धाब्याच्या तव्याचाच ना?”

अमृतरावाच्या मेव्हण्यानं नुकताच ट्रॅक्टर घेतला होता अन् त्यामागं टाकी जोडायची त्याची फार इच्छा होती, ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. पण पाण्याच्या घोटापुढं मेव्हणा कुणाच्या लक्षात राहतो? सरपंचानं नव्या जिल्ह्यात तक्रार ठोकली. तिकडचे साहेबही नवेच, अजून तक्रारींचा कंटाळा न आलेले. त्यांनी कळवलं, सोमवारी दुपारी जातीनं येतो, ट्रक किती वाजता पोचतो ते डोळ्यानं बघतो, अन् तिथंच निकाल लावतो.

टँकरचं काम गेलं तर शेठ दुसरं देईल, त्याची लक्ष्मणरावाला फिकीर नव्हती. पण ‘पाणीचोर जावई’ हा शिक्का बसला, की बायको सिंधूला जन्मात माहेरी जाता येणार नव्हतं. आताच धुरपताबाई त्याच्याशी थेट बोलत नव्हती. तो समोर बसलेला असताना खांबाला सांगायची, “आमी पोरगी दिली ती ड्रायव्हर बघून. पाणी इकायचं व्हतं तर गाढवं घ्यायची, ट्रक कशाला?”

एकटा सासरा अर्जुनराव त्याच्या बाजूचा. दोन्ही बैल गुरांच्या छावणीत गेल्यापासून म्हातारा रिकामा झाला होता. ट्रक दारात उभा राहिला की त्याच्या भोवती फिरायचा, बॉनेटवर थाप मारायचा अन् म्हणायचा, “मुकं जनावर हाय. त्याला बोलता येतं का? काय तरी दुखत आसंल त्याचं.”

मग ट्रक उदगीरला वीरण्णा मिस्त्रीकडं. वीरण्णा कपाळाला ठसठशीत विभूती लावून, गळ्यातलं लिंग सदऱ्याआड सारून मगच पाना हातात घेणारा माणूस.

“येन आतु? काय झालं रे?” त्यानं विचारलं.

“मागचं डावं चाक धरतंय, अण्णा.”

वीरण्णानं ड्रम काढला. “स्प्रिंग लूज हाय,” म्हणाला, अन् नवी टाकली. दुसऱ्या दिवशी चाक धरलं. “सिलिंडर जाम हाय,” म्हणाला, अन् घासूनपुसून बसवला. तिसऱ्या दिवशी चाक धरलं. “नळी आतून फुगली आसंल,” म्हणाला, अन् ब्रेकची नळी बदलली. चाक धरलंच. तेव्हा वीरण्णाला संशय आला, की दोष ट्रकमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये आहे.

“लक्ष्मण, खरं सांग. पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवतो का तू?”

“आन् परत येताना काय पाय घरी ठेवून येतो का मी?”

“बरं. वजन पडल्यावर धरत आसंल मग.” वीरण्णानं शेठच्या अडतीवरून पोती मागवली. टाकी उतरवून ट्रक पोत्यांनी असा भरला की स्प्रिंगचे पाटे सपाट झाले. निघाले दोघं. पार नळेगावच्या रस्त्यानं लांबवर गेले, आले. चाक थंडगार! वीरण्णानं ड्रमवर गाल टेकवून दाखवला.

“अय्यो शिवा,” तो गाल पुसत म्हणाला, “ह्या ट्रकाला काही झालेलं न्हाई. तुझी साडेसाती हाय.”

त्या रात्री लक्ष्मणरावाला झोप लागली नाही. रिकामा ट्रक चालतो. पोत्यांनी भरलेला चालतो. अडतो तो फक्त पाण्यानं. म्हणजे सरपंच म्हणतो तेच खरं की काय? हे चाक पाणी बघून धरतंय? कूस बदलता बदलता तो उठून बसला. सरपंच बोलला तो टोमणा, पण बोलला खरं! वजनाचा काही संबंधच नाही. पोत्यात नाही अन् टाकीत आहे असं काय? पाणीच. मग पाणी चाकाला करतं तरी काय, ते खाली पडून डोळ्यानं बघायचं.

सोमवारी सकाळी विहिरीवर त्यानं मोटारवाल्याला पाणी सोडायला सांगितलं अन् स्वतः बारदान अंथरून ट्रकखाली उताणा शिरला.

“आरं, भरताना कशाला खाली शिरून राहिला?” मोटारवाला ओरडला.

“चाकाची जासूसी करून राहिलो. तू पाणी सोड.”

खाली चिखलाचे थर, ग्रीस, धूळ. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, पाट्याच्या आड, चिखलात काहीतरी लोंबत होतं. लक्ष्मणरावानं अंगठ्यानं चिखल खरवडला. आतून लाल लोकरीचा गोंडा निघाला. मग हिरवा. मग एक कवडी.

ट्रकच्या कंपनीनं कवडी बसवल्याचं काही त्याच्या ऐकिवात नव्हतं.

त्यानं आणखी खरवडलं. अंबाडीचा नवाकोरा जाड दोर. पाट्याच्या बोल्टापासून निघून हँडब्रेकच्या तारेला पक्के वेढे मारलेला, सुबक गाठीचा. अशी गाठ अख्ख्या मुलखात एकच माणूस मारायचा. लक्ष्मणरावानं ती लगेच ओळखली. त्यानं दोराखाली दोन बोटं घालून पाहिली. सैल होता, बोटं सहज गेली.

वर टाकी भरली. डाव्या कोपऱ्यातून पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला, दुसरा दोरावर. मग धारच लागली. दोर भिजला. अंबाडीचा दोर भिजला की काय करतो हे बाजेवर झोपणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. बाज सैल पडली की तिच्यावर पाणी मारतात ते काही तिला गार वाटावं म्हणून नाही. दोर आखडतो, बाज ताठ होते. इथं दोर आखडू लागला, हँडब्रेकची तार धनुष्याच्या दोरीगत वाकू लागली, आत कुठंतरी ड्रममध्ये ‘टक्’ झालं. अन् लक्ष्मणरावाची बोटं?

“धरलं!” तो खालून किंचाळला. “धरलं रे धरलं!”

“कुणी धरलं? साप हाय का?” मोटारवाला वाकायच्या ऐवजी चार पावलं मागं सरकला.

“साप न्हाई रे! ब्रेक सापडला! आई गं... बोटं अडकली! पाना आण!”

माणूस एकाच वेळी हसतोय अन् बोंबलतोय, हे मोटारवाल्यानं पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं लांबूनच पाना सरकवला. पान्याच्या टोकानं गाठ उकलून लक्ष्मणराव बाहेर आला तेव्हा त्याची बोटं वांग्यासारखी निळी झाली होती अन् तोंड दसऱ्याच्या झेंडूसारखं फुललं होतं.

ट्रक निघाला. पाण्यानं काठोकाठ भरलेला, अन् तरी असा पळाला की मागं धुळीचा लोट. लिंबाचं झाड आलं, गेलं. चढ आला, दुसऱ्या गिअरवर हसत हसत पार. लक्ष्मणराव शीळ घालत माळतोगरीत पोचला तेव्हा साहेब यायचे होते, सरपंच अंघोळीला बसला होता, अन् पाण्याच्या रांगेत एक कुत्रं सोडून कुणीच नव्हतं.

हॉर्न ऐकून गाव घागरी घेऊन धावलं. अमृतराव ओल्या अंगावर सदरा चढवत आला, ट्रककडं बघितलं, सूर्याकडं बघितलं, अन् त्याचा चेहरा उजळला.

“बगा! बगा लोकहो! आज साहेब येणार, तर आज कसा येळंवर आला? आज इकलं न्हाई म्हणून! म्हंजे रोज इकत व्हता का न्हाई?”

अन् गाव, काय सांगावं, माना डोलवू लागलं! उशीर झाला तर चोर, अन् वेळेवर आला तर पक्का चोर.  गर्दीत मागं धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. हार झाले, नारळ झाला. बाया मात्र कुणासाठी थांबल्या नाहीत. साहेब खुर्चीवर टेकेस्तोवर टाकी कोरडी करून घागरी आपापल्या पायांशी धरून उभ्या राहिल्या. सरपंचानं आपला मुद्दा साहेबांना समजावला. साहेबांना तो फारच पटला.

“ड्रायव्हर, तुमचं काय म्हणणं?”

“साहेब, बोलून न्हाई, करून दाखवतो.” लक्ष्मणरावानं सीटखालून तो दोर काढला. गोंडे, कवड्या लोंबत होत्या. “हा दोर माझ्या चाकाला बांधलेला व्हता. भिजला की आखडतो, हँडब्रेक ओढतो. टाकी रिकामी झाली की वाळतो, सैल पडतो.”

“कुणी बांधला?” साहेबांनी विचारलं.

लक्ष्मणराव दोराचे गोंडे चाचपू लागला. सासऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यावं?  पण गर्दीतून अर्जुनराव काठी टेकत, छाती काढत पुढं आला.

“मी बांधलाय की! माज्या हातचा वळलेला हाय. पोळ्याला दोन्ही बैल छावणीत. घरात नवा दोर. पोळ्याचा दोर कुणाच्या तरी अंगावर चढवल्याबिगर ठेवू न्हाई. दारात कोण उभं व्हतं? ह्यो. मंग ह्याच्याच पायात बांधला, दृष्ट लागू न्हाई म्हणून. खांदेमळणी बी केली.”

“ट्रकची?”

“खांदा काही गावला न्हाई, साहेब. मंग टायरालाच हळद-लोणी चोळलं.”

साहेबांनी टोपी काढून परत घातली. अमृतराव उसळला, “जावयाला वाचवायला सासऱ्याचं नाटक हाय हे! दोरानं कुठं ट्रक थांबतो व्हय? मिस्त्रीला दिसला न्हाई का दोर?”

निकाल ऐकायला वीरण्णाही गुरुपादप्पा शेठच्या सांगण्यावरून आला होता. तो म्हणाला, “दिसला की. दर टायमाला दिसला.”

“मग सोडला का न्हाई?” लक्ष्मणराव ओरडला.

“पोळ्याचा दोर कोण सोडतो, अप्पा? बसवण्णाचा, बैलाचा मान असतो. पाया पडलो अन् पुढचं काम केलं.”

लक्ष्मणराव मग बोलण्यात वेळ घालवेना. जॅक लावून मागचं डावं चाक उचललं. सासऱ्याला हात धरून खाली बसवलं, “मामा, पोळ्याला बांधला तस्साच बांधा.” म्हाताऱ्यानं मनापासून बांधला, वर नमस्कार घातला. दोर येताना सीटखाली इंजिनच्या धगीनं खडखडीत वाळला होता.

“सरपंच, फिरवा चाक.”

अमृतरावानं दोन्ही हातांनी रेटलं. चाक गरगर फिरलं. “बगा! काय बी धरत न्हाई!”

“आता पाणी. कुणी तरी तांब्याभर पाणी द्या.”

 भरलेल्या घागरी अन् पन्नास बायका, पण एकीचाही हात हलेना. एकीनं तर घागरीवर पदर टाकला.

“दोराला पाणी? आन् पोरांना काय?”

“जावई खरा असला तर बिगर पाण्याचा खरा ठरू द्या की,” दुसरी म्हणाली.

लक्ष्मणरावानं इकडं तिकडं पाहिलं. साहेबांच्या खुर्चीशेजारी, सरपंचाच्या घरून आलेल्या स्टीलच्या पिंपात लिंबाचं सरबत होतं. सरपंचानं त्याच्यासाठी कुठनं तरी बर्फही पैदा केला होता. लक्ष्मणरावानं पिंप उचललं.

“आरं ए! साहेबांचं हाय ते!”

“साहेबांच्याच कामाला लावतोय, सरपंच.” अन् ओतलं. लिंबाच्या बियांसकट, बर्फासकट सगळं दोरावर.

“थोडा वेळ लागंल साहेब. तोवर दोन शब्द बोला.”

साहेबांना एवढंच हवं होतं. नवा जिल्हा, नव्या योजना, नवी पहाट. भाषण असं रंगलं की दोर तर भिजलाच, ऐकणारेही घामानं भिजले. मधेच चाकाजवळून ‘टक्’ असा आवाज आला, तेव्हा एकट्या लक्ष्मणरावानं टाळी वाजवली. साहेबांना वाटलं, वाक्याला मिळाली. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

“सरपंच,” भाषण संपल्यावर लक्ष्मणराव अदबीनं म्हणाला, “फिरवा आता.”

अमृतरावानं रेटलं. चाक हलेना. पाय रोवून रेटलं. मेव्हण्याला हाक मारली, तोही भिडला. दोघं मिळून असे झटले की मेव्हण्याचं धोतर सुटलं अन् सरपंच सरबताच्या चिखलात बसला. चाक? जाग्यावरून केसभर नाही. मग लक्ष्मणरावानं गाठ सोडली, एका बोटानं चाकाला टिचकी मारावी तसा हात लावला, अन् चाक फिरलं.

 मग जी आरोळी उठली ती छावणीतल्या बैलांनीही ऐकली असेल. वीरण्णानं लक्ष्मणरावाला मिठी मारली, अन् त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे दोन पंजे उमटले. अर्जुनराव ज्याला त्याला सांगू लागला, “बगा, माज्या दोराचं बळ! येवढा ट्रक थांबवला!” साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, टँकर हाच राहील अन् ड्रायव्हर हाच राहील. चिखलातून उठणाऱ्या सरपंचाला ते म्हणाले, “सरबत मात्र फुकट गेलं हो.”

अन् मग गर्दी बाजूला सारत धुरपताबाई आली. डोक्यावर भरलेली घागर. खांबाशी नाही, शेजारणीशी नाही, थेट लक्ष्मणरावाशी बोलली.

“जावईबापू, वाहाणा काढा.”

“आवो आत्याबाई, कशाला...”

“काढा म्हंते ना!”

तिनं घागर उतरवली, तांब्या बुडवला, अन् भर चौकात, साहेबांच्या, सरपंचाच्या, साऱ्या गावाच्या देखत जावयाच्या पायावर पाणी ओतलं. लक्ष्मणराव अंग चोरून उभा. तिनं हातानं पाय चोळले. ग्रीस, चिखल, डिझेल, सरबत, सगळं एकात एक कालवलेलं. एका तांब्यात काही निघेना. तिनं दुसरा बुडवला. मघाशी घागरीवर पदर टाकणारी बाई ते बघत होती.  मग तीच पुढं आली, आपली घागर खाली टेकवली, अन् आपला तांब्या बुडवून धुरपताबाईच्या हातात दिला.

“घे. आन् टाचा नीट घास गं,” ती म्हणाली. “जावई घासून राहिली का टँकर?”